‘कतं’ आणि ‘करवियलें’ : कोरीव लेखांतील कर्त्याचा प्रश्न

१

मुळशीचे धरण टाटांनी बांधले, हे वाक्य शालेय इतिहासापासून विद्यापीठीय प्रबंधापर्यंत कोठेही, कोणालाही न खटकता वावरत असते. १९२१ साली सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहाच्या बाजूने लिहिणारेही हेच वाक्य लिहितात. सेनापती बापट आणि कंपनी यांच्यात जमिनीबाबत कडवा वाद होता. या वाक्याबाबत वाद असल्याचे दिसत नाही. पुणे जिल्ह्याच्या त्या खोऱ्यात दगड कोणी फोडला, कोणी घडवला, कोणी थरावर थर चढवला, याला या वाक्यात जागाच ठेवलेली नाही. ‘टाटांनी’ ही तृतीया आणि ‘बांधले’ हे साधे क्रियापद यांच्यामध्ये कोणाला उभे राहता येईल एवढी फट नाही. व्याकरणाच्या काटेकोर दृष्टीने पाहिले तर येथे ‘बांधविले’ असे प्रयोजक रूप हवे. परंतु ते रूप वापरले की कोणाकडून बांधविले, हा प्रश्न तत्काळ उभा राहतो. आणि तो उभा राहू नये यासाठीच जणू आधुनिक मराठीने प्रयोजकाचा हा उपयोग मागे टाकला आहे.

ही केवळ बोलण्याची ढब आहे, तिच्यावर एवढा भार टाकू नये, असे कोणी म्हणेल. ढब निरुपद्रवी असती तर तसे म्हणता आले असते. पण मराठी कलासमीक्षेने आणि तिच्या पाठोपाठ साहित्यसमीक्षेने या ढबीवर एक सिद्धान्त उभारला आहे. प्राचीन भारतीय कलावंत अनामिक होता; त्याला आपले नाव मागे ठेवण्याची इच्छा नव्हती; निर्मितीत ‘मी’ विरघळून जाणे हाच त्याचा आदर्श होता, असा हा सिद्धान्त होय. आनंद कुमारस्वामी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याला तत्त्वज्ञानाची बैठक दिली. पुढे तो मराठीत आला तेव्हा बैठक गळून पडली आणि सुभाषित तेवढे उरले. लेणी पाहून परतणारा प्रवासवर्णनकार, मंदिरशिल्पावर लिहिणारा रसिक आणि ‘लोकपरंपरेतील सामूहिक कर्तृत्व’ या विषयावर निबंध वाचणारा अभ्यासक हे तिघेही आज त्याच सुभाषितावर थांबतात.

गेल्या काही दशकांत या सिद्धान्ताला एक नवा अंगरखा मिळाला. रोलाँ बार्थ यांनी १९६७ साली मांडलेली लेखकाच्या मृत्यूची कल्पना आणि मिशेल फूको यांनी १९६९ साली उपस्थित केलेला ‘लेखक म्हणजे काय’ हा प्रश्न मराठीत पोहोचल्यावर एक सोयीस्कर समीकरण तयार झाले : पश्चिमेला लेखक मारावा लागला, आमच्याकडे तो जन्मलाच नव्हता. जुन्या अध्यात्मवाद्याला आणि नव्या उत्तर-संरचनावाद्याला एकाच ओळीत आणून बसविण्याचे श्रेय या समीकरणाला दिलेच पाहिजे. त्यात एकच उणीव आहे. ते मांडण्यापूर्वी शिळेवर काय लिहिले आहे, हे कोणी वाचलेले नाही.

२

मुळशी आणि मावळ हे आज दोन वेगळे तालुके आहेत. पण पौड खोरे, मुठे खोरे, कोरबारसे ही बारा मावळांतीलच खोरी होत. कार्ल्याच्या लेखांत येणाऱ्या ‘मामाल’ या प्रदेशनामात अभ्यासकांना मावळ या नावाचे पूर्वरूप दिसते. या डोंगराळ पट्ट्यात आणि त्याच्या घाटवाटांच्या आसपास कार्ले, भाजे, बेडसे, शेलारवाडी, घाट उतरताच कर्जतजवळचे कोंडाणे, उत्तरेला जुन्नर आणि नाणेघाट अशी लेण्यांची व लेखांची मांडणी आहे. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांपासून पुढच्या दोन-तीन शतकांपर्यंत येथील शिळांवर प्राकृतात लिहिले गेले. ते फार थोडके आहे. बहुतेक लेख एका-दोन ओळींचे. या ओळी कशाविषयी आहेत? ‘राजांविषयी’ असे उत्तर इतिहासाच्या विद्यार्थ्याला पाठ असते. मोजून पाहिले तर त्यांतील बऱ्याचशा ओळी कोरलेल्या वस्तूंविषयी आहेत, असे दिसेल : खांब, वेदिका, दर्शनी भाग, मिथुनशिल्पे, पाण्याची पोढी, लेणे. ज्या दगडावर ओळ कोरली त्याच दगडाविषयी ती बोलते.

कार्ल्याच्या चैत्यगृहाचे उदाहरण घ्यावे. तेथे ‘सिहथभ’ म्हणजे सिंहस्तंभ आहे आणि त्यावर त्याचे नाव व दात्याचे नाव आहे. ‘थभ’ आहेत आणि त्यांतील काही धेनुकाकट येथील यवनांनी दिल्याचे नोंदलेले आहे. हत्तींच्या वर-खाली असलेली ‘वेयिका’ म्हणजे वेदिका एका थेराने दिली. ‘मिथुन’ एका भिक्खूने दिले. आणि वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने सबंध ‘सेलघर’, म्हणजे दगडाचे घर, तडीस नेले आणि ते जंबुद्वीपात उत्तम असल्याचे स्वतःच लिहून ठेवले. अनामिकतेच्या आदर्शाला हा श्रेष्ठी फारसा परिचित नसावा.

येथपर्यंतचा तपशील नवा नाही. बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली, आणि पुढे सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’त, हे लेख छापले. त्यावर आक्षेप असा की ही तर दात्यांची नावे झाली, कलावंतांची कोठे आहेत? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर त्याच दर्शनी भागावर आहे. कार्ल्याला ‘घरमुघ’, म्हणजे घराचे मुख, हा शब्द दोन वेगवेगळ्या लेखांत आला आहे. पहिला लेख धेनुकाकटच्या सिंहदत नावाच्या गांधिकाचा, सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचा आहे. त्यात व्यापाऱ्याचे नाव षष्ठीत आहे आणि पुढे ‘दानं’ हा शब्द आहे : सिंहदताचे दान, घरमुघ. दुसरा लेख धेनुकाकटच्याच सामि नावाच्या वढकीचा, वेणुवासाच्या मुलाचा आहे. वढकी म्हणजे सुतार. विदर्भात ‘वाढई’ हा शब्द या अर्थाने अजून टिकून आहे. या लेखात नाव तृतीयेत आहे आणि क्रियापद ‘कता’ आहे : सामि वढकीने घराचे मुख केले. गाव एक, वस्तूचे नाव एक, भिंत एक. बदलली ती विभक्ती. व्यापारी षष्ठीत, कारागीर तृतीयेत.

हा योगायोग मानायचा असेल तर कार्ल्याचाच आणखी एक लेख पाहावा. घुणिकाची आई असलेल्या एका भिक्खुणीने वेदिका दान केली. तिचे नाव षष्ठीत, पुढे ‘दानं’. आणि त्याच लेखात लगेच दुसरे वाक्य : ‘नंदिकेन कतं’. नंदिकाने केले. एका लेखात दोन माणसे, दोन विभक्ती, दोन क्रिया. देणे आणि करणे यांत गल्लत होऊ नये याची काळजी लेख लिहिणाऱ्याने दोन हजार वर्षांपूर्वी घेतली. ती गल्लत करण्याचे काम पुढच्या वाचकांवर सोपवलेले होते, असे दिसते.

कोंडाण्याला तर दाता अजिबात नाही. चैत्यगृहाच्या दर्शनी भागापाशी असलेल्या भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ एकच ओळ आहे : ‘कण्हस अंतेवासिना बलकेन कतं’. कण्हाचा शिष्य बलक, त्याने हे केले. या ओळीत दान नाही, पुण्याची इच्छा नाही, राजाचे वर्ष नाही. आहे ती करण्याची क्रिया, करणाऱ्याचे नाव आणि तो ज्याच्याकडे शिकला त्याचे नाव. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीच्या हातावर असाच लेख आहे. तेथे कण्हदास नावाच्या सोनाराने मूर्ती केल्याचे म्हटले आहे. महाराष्ट्राबाहेर पण सातवाहनांच्याच परिसरात, सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी ‘रूपकंम’ केल्याची नोंद आहे : दंतकार तृतीयेत आणि ‘कतं’. रूपकर्म हा शब्द येथे पारिभाषिक आहे. मूर्ती कोरण्याच्या कामाला, तोरण उभारण्याच्या किंवा दान देण्याच्या कामाहून वेगळे असे, स्वतःचे नाव होते.

३

आता क्रियापदांकडे पाहावे. या लेखांत निर्मितीची किमान तीन क्रियापदे आहेत आणि ती एकमेकांच्या जागी येत नाहीत. बलक, नंदिक, कण्हदास यांच्यापुढे ‘कत’ येते. श्रेष्ठी भूतपालापुढे ‘परिनिठापित’, म्हणजे पूर्णत्वास नेलेले, असे येते. आणि नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात आपल्या लेण्याविषयी व पोढ्यांविषयी लिहवितो तेव्हा क्रियापद ‘कारितं’ असे येते. ते प्रयोजक आहे. राजघराण्यातील हा माणूस आपण लेणे ‘केले’ असे म्हणत नाही, ‘करविले’ म्हणतो. आपल्या दानांची लांबलचक यादी कोरविणाऱ्या या दात्याला नम्रतेचे वावडे होते, हे उघड आहे. तरीही क्रियापदाबाबत तो प्रामाणिक राहिला. आजची पाठ्यपुस्तके त्याच्याविषयी ‘उषवदाताने लेणे कोरले’ असे लिहितात. दात्याने स्वतः घेतले नाही ते श्रेय व्याकरणाने त्याच्या पदरात घातले आहे.

कान्हेरीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील लेख याहून पुढे जातो. यज्ञ सातकर्णीच्या काळातील या लेखात चैत्य उभारणाऱ्या व्यापारी बंधूंबरोबर कामावर देखरेख करणारा ‘नवकमिक’ आहे, आणि ‘सेलवढकी’ व इतर कारागिरांचे वर्ग त्यांच्या-त्यांच्या नावांनी नोंदलेले आहेत. ‘सेलवढकी’ हा शब्द थांबून वाचण्यासारखा आहे. शब्दशः त्याचा अर्थ दगडाचा सुतार असा होतो. लाकडाचे घर बांधणारा माणूस दगडाकडे वळला, त्याने लाकडी तुळया-कमानींचे रूप दगडात उतरविले, हे स्थापत्याच्या इतिहासात चित्रांच्या साह्याने शिकविले जाते. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लाकडी फासळ्या अजूनही आहेत. ते सारे स्थित्यंतर एका समासात साठविलेले आहे. मराठीच्या शब्दार्थविचाराने या समासाकडे ढुंकून पाहिलेले नाही.

या कसोटीने पाहिल्यास अनामिकतेच्या सिद्धान्ताचे काय उरते? बहुसंख्य लेखांत कारागिराचे नाव नाही, हे खरेच आहे. पण ते का नाही, याचे उत्तर लेखांच्या रचनेतच मिळते. लेख हा दानाचा दस्तऐवज आहे. त्यात षष्ठीची जागा पैसा देणाऱ्यासाठी राखून ठेवलेली आहे. कारागिराला तृतीयेची जागा मिळे, पण ती ऐच्छिक होती. ओळ लांबवायची की नाही, हे बहुधा देणाऱ्यावर अवलंबून असावे. म्हणजे अनामिकता हा कारागिराचा आध्यात्मिक निर्णय नसून दानव्यवहाराचा व्याकरणिक परिणाम आहे. संधी मिळाली तेथे बलकाने आपले नावच नव्हे तर गुरूचे नावही लिहिले. विरघळून जाण्याची इच्छा असलेला मनुष्य असे करत नाही.

४

या ठिकाणी एका दूरच्या लिपीचा दाखला उपयोगी पडेल. मध्य अमेरिकेतील माया लोकांच्या शिलास्तंभांविषयीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत असेच एक सुभाषित प्रचलित होते. त्या लेखांत काळाची गणना आणि देवता यांपलीकडे काही नाही, माणसांची नावे नाहीत, कारण माया मन व्यक्तीकडे पाहतच नव्हते, असे एरिक थॉम्प्सनसारख्या अधिकारी विद्वानाचे प्रतिपादन होते. १९५२ साली युरी क्नोरोझोव्ह यांनी ही लिपी उच्चारनिष्ठ असल्याचे दाखविले. १९६० साली तात्याना प्रोस्कुर्याकॉफ यांनी पिएद्रास नेग्रास येथील स्तंभांवर राजांचे जन्म व राज्यारोहण नोंदलेले असल्याचे सिद्ध केले. त्यानंतर, १९८०च्या दशकात, डेव्हिड स्टुअर्ट यांनी लिहिण्याच्या व कोरण्याच्या क्रियांचे शब्दच वाचले. ‘त्सिब’ या धातूत लिहिणे आणि रंगविणे या दोन्ही क्रिया येतात. भांड्यांवर चित्रकार त्याच शब्दाने सही करतो. दगड कोरण्यासाठी मात्र वेगळा शब्द आहे. स्तंभावर मूर्तिकाराच्या नावाआधी जे चिन्ह येते त्याचे वाचन ‘युशुल’ असे होते आणि त्याचा अर्थ होतो ‘त्याचे कोरणे’. उभारलेल्या स्तंभालाही त्याचे स्वतःचे नाव होते, ‘लकमतून’, म्हणजे थोर शिळा. उसुमासिंता नदीच्या परिसरात, सातव्या-आठव्या शतकांत, एकेका शिल्पावर अनेक कोरक्यांच्या सह्या सापडतात.

या दाखल्याचा मोह आवरून उपयोग करावयास हवा. माया मूर्तिकाराची सही लहान अक्षरांत, उथळ कोरलेली, राजाच्या प्रतिमेशेजारच्या मोकळ्या जागेत असते. ठळक मजकूर राजाचाच असतो. सह्या सर्व नगरांत नाहीत. तेव्हा तिकडे कलावंत स्वतंत्र आणि इकडे दास, अशी तुलना करण्यात अर्थ नाही. अर्थपूर्ण फरक व्याकरणाचा आहे. ‘युशुल’ हे स्वामित्वदर्शक रूप आहे : अमुक माणसाचे कोरीवकाम. कोरणारा तेथे षष्ठीच्या जागी बसतो. कार्ल्याला षष्ठी दात्याची आहे आणि कोरणाऱ्याला तृतीया मिळते. एका संस्कृतीने कृती ‘कोणाची’ याचे उत्तर करणाऱ्याच्या नावाने दिले, दुसरीने देणाऱ्याच्या नावाने. कर्तृत्व आणि स्वामित्व यांचे नाते भाषेत किती प्रकारांनी बांधता येते, याचा हा दगडावरचा पुरावा आहे. लेखकपणाच्या सिद्धान्ताला याहून चांगली सामग्री कोणती हवी? फूको यांनी जो प्रश्न अठराव्या शतकातील युरोपीय कायद्याच्या संदर्भात पाहिला, तो येथे दोन विभक्तींच्या रूपाने उघडा पडलेला आहे.

आणखी एक फरक आपल्या अभ्यासपरंपरेला लागू होणारा आहे. माया लिपी वाचता येत नव्हती, म्हणून तेथील सुभाषित इतकी वर्षे टिकले. ती वाचली गेली तेव्हा ते कोसळले. थॉम्प्सन यांची चूक क्षम्य म्हणता येईल. ब्राह्मी लिपीचे वाचन जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ साली पूर्ण केले. आपल्याकडे अक्षरे वाचून पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली आहेत. वाचायची राहिली ती वाक्ये.

५

ती का राहिली याचे कारण शोधू लागल्यास बोट मराठीच्या अभ्यासक्रमाकडे जाते. कोरीव लेख मराठी विभागात शिकविले जातात, पण ते वयाचा दाखला म्हणून. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी असलेली ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ ही ओळ मराठीचे आद्य वाक्य म्हणून अनेक पिढ्यांनी घोकली. पुढे वाद झाला : ओळ दहाव्या शतकाच्या अखेरची, की तिच्या शेजारच्या, गंगराजाचा उल्लेख करणाऱ्या ओळीबरोबरची, बाराव्या शतकातील? आक्षीचा लेख आधीचा, की हत्तरसंग कुडलचा शके ९४० चा? शं. गो. तुळपुळे यांनी १९६३ साली ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ सिद्ध करून या वादाला शास्त्रीय पाया दिला. तो ग्रंथ आजही अपरिहार्य आहे. पण त्यानंतरच्या अध्यापनाने त्या ग्रंथातून उचलला तो केवळ कालानुक्रम. ‘आद्य लेख कोणता?’ या प्रश्नाला पाच गुण असतात. ‘या वाक्यात काय म्हटले आहे?’ असा प्रश्न विचारला जात नाही.

त्या वाक्यात म्हटले आहे ते असे : चावुंडराजाने करविले. मराठीचे आद्य म्हणून मिरविले गेलेले वाक्य मूर्तिकामाविषयी आहे, आणि त्याचे क्रियापद प्रयोजक आहे. हे मराठीचे वैशिष्ट्य नव्हे. त्याच मूर्तीच्या पायाशी कन्नडात ‘माडिसिदं’ आणि तमिळमध्ये ‘चेय्वित्तान्’ आहे, आणि तीही प्रयोजक रूपे आहेत. तीन भाषांनी एकमुखाने सांगितले की चावुंडराजाने ही मूर्ती केली नाही, करविली. एका अखंड शिळेतून सुमारे सत्तावन्न फुटांची आकृती ज्यांनी काढली त्यांच्यासाठी तिन्ही भाषांनी क्रियापदात जागा राखून ठेवली. फक्त ती जागा रिकामी ठेवली. नाव नाही, पण नाव हवे असल्याची खूण आहे.

रिकामी जागा त्या काळाची अपरिहार्यता होती, असेही म्हणता येणार नाही. श्रवणबेळगोळच्या दुसऱ्या मराठी ओळीत ज्याने परिसराची ओवरी, ‘सुत्ताले’, करविली तो गंगराज होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती होता. त्याच विष्णुवर्धनाच्या राज्यात बेलूरच्या मंदिरावर दासोज आणि चावण यांनी आपल्या मूर्तींखाली सह्या केल्या; पुढच्या शतकात मल्लितम्म या मूर्तिकाराने अनेक होयसळ मंदिरांवर आपले नाव कोरले. म्हणजे एका राज्यात, एका पिढीत, काही कोसांच्या अंतरावर सही करणारे मूर्तिकारही होते आणि ‘करवियलें’मागे अदृश्य झालेले मूर्तिकारही. ‘भारतीय कलावंत’ नावाचा एकच एक मनुष्य कल्पून त्याच्या मनोवृत्तीविषयी निष्कर्ष काढणाऱ्यांनी या दोघांपैकी कोण अधिक भारतीय, हे सांगावे.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी रंगनाथ पठारे समितीने मांडलेल्या पुराव्यांत नाणेघाटाच्या लेखाला मानाचे स्थान होते. त्या दर्जाचा आनंद रास्तच आहे. पण नाणेघाटात आज काय दिसते, याचाही विचार व्हावा. लेण्याच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, देवी नायनिका, राजा सातकर्णी, महारठी, कुमार अशी नावे कोरलेली आहेत. त्या नावांखाली त्यांच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, पायांच्या खुणा आणि वरची नावे तेवढी राहिली. शिल्पाची ओळख पटविण्यासाठी लिहिलेले शब्द शिल्प नसताना उरले आणि आपण त्यांना राजवंशाची यादी म्हणून, मग भाषेच्या जन्मतारखेचा कागद म्हणून वाचले. ते मुळात मूर्तींवरची नावे आहेत, मूर्तींशी नाते सांगणारे शब्द आहेत, हे वाचन मराठीत अजून व्हायचे आहे.

६

या मांडणीवर तीन आक्षेप येऊ शकतात आणि त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला : ‘कत’ आणि ‘कारित’ यांतील भेद सर्वत्र काटेकोरपणे पाळलेला नाही, पितळखोऱ्याचा सोनार कण्हदास हा कोरणारा नसून दाताच असू शकेल. ही शक्यता नाकारता येत नाही. सोनाराने दगडाची मूर्ती कोरावी, याचे काही अभ्यासकांना आश्चर्य वाटते. मात्र विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी दगडाचे तोरण कोरले, हे ज्यांना आश्चर्यकारक वाटत नाही त्यांनी सोनारालाही तेवढी मुभा द्यावयास हरकत नसावी. नाजूक कामाचा हात एका द्रव्याकडून दुसऱ्या द्रव्याकडे वळतो. आणि कण्हदास दाता ठरला तरी एका लेखात षष्ठी व तृतीया शेजारी-शेजारी वापरणाऱ्या कार्ल्याच्या लेखाचा पुरावा जागचा हलत नाही.

दुसरा : चार-सहा नावांवरून सिद्धान्त उलटविता येत नाही. अनामिकता हा काल्पनिक आदर्श नसून वस्तुस्थिती आहे, एवढेच म्हणायचे असेल तर चार-सहा नावांनी बिघडत नाही. पण अनामिकता हे तत्त्व होते, कलावंताने स्वखुशीने स्वीकारलेले मूल्य होते, असे म्हणायचे असेल तर एक बलकही पुरेसा आहे. तत्त्वाला अपवाद म्हणून आपले आणि गुरूचे नाव कोरणारा शिष्य परवडत नाही. शिवाय येथे उलट सिद्धान्त मांडावयाचाच नाही. प्राचीन कारागीर आधुनिक अर्थाने ‘लेखक’ होता, असे म्हणणे ही दुसरी अतिशयोक्ती होईल. ‘कण्हस अंतेवासिना’ या शब्दांत जे कर्तृत्व आहे ते एकट्याचे नाही, परंपरेचे आहे. तरीही ते अनामिक नाही. एकटेपणा आणि अनामिकता यांच्यामधला हा प्रदेश आपल्या समीक्षेच्या नकाशावर नाही, हा खरा मुद्दा आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : दोन ओळींचे दानलेख हे साहित्य नव्हे, त्यांचा अभ्यास पुरातत्त्वाने करावा, साहित्यसमीक्षेने त्यांत पडू नये. हा आक्षेप बहुधा मराठी विभागांतूनच येईल. त्याला उत्तर असे की साहित्यसमीक्षा ज्या संज्ञांवर जगते, म्हणजे कर्ता, कृती, रचना, संहिता, त्यांतील प्रत्येकीचा जन्म वस्तू घडविण्याच्या व्यवहारात आहे. ‘लिहिणे’ हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा मूळ अर्थ ओरखडणे, कोरणे. ‘कोरीव लेख’ या आपल्या शब्दात तर दोन्ही क्रिया उघडच हातात हात घालून उभ्या आहेत. ताम्रपटांच्या शेवटी लिहिणारा कोण आणि उत्कीर्ण करणारा कोण, हे वेगवेगळे सांगण्याची प्रथा होती. नाशिकच्या गौतमीपुत्राच्या लेखाच्या शेवटी ‘तापसेन कटा’ असे दस्तऐवज करणाऱ्याचे नाव आहे. ज्या परंपरेने मजकूर, लेखन आणि कोरणे या तीन कर्तृत्वांचा हिशेब वेगवेगळा ठेवला, तिच्या वारसांनी ‘आमच्याकडे कर्ता नव्हताच’ असे म्हणावे, आणि ते साहित्यशास्त्राच्या नावाने म्हणावे, हा प्रकार केवळ अज्ञानाचा नाही. त्यात एक सोय आहे. कर्ता नव्हता असे एकदा ठरले की कारागिरांच्या जातीचा, वेतनाचा आणि विद्येचा प्रश्नच उद्भवत नाही. सुतार, सोनार, पाथरवट, वडार यांच्या हातची विद्या ‘परंपरेची’ होते, आणि परंपरेविषयी बोलण्याचा अधिकार भलत्यांकडे जातो. अध्यात्माच्या भाषेत केलेली ही बेदखली आहे.

७

तेव्हा मागणी साधी आहे. लेण्यांतील लेख हे वाचावयाच्या संहिता म्हणून मराठीच्या पदव्युत्तर वर्गात यावेत. त्यांची क्रियापदे, विभक्ती आणि वस्तुनामे यांचा कोश व्हावा. ‘घरमुघ’, ‘रूपकंम’, ‘सेलवढकी’, ‘वेयिका’, ‘पोढी’ हे शब्द तळटीपेतून मजकुरात यावेत. हे काम पाली-प्राकृताच्या अभ्यासकाने आणि मराठीच्या अभ्यासकाने मिळूनच होणार आहे. आज हे दोघे विद्यापीठाच्या एकाच आवारात राहतात आणि एकमेकांच्या परीक्षा-समित्यांपलीकडे भेटत नाहीत.

आणि हा कोश दगडापाशी थांबू नये. मुळशी-मावळच्या गावोगावच्या देवळांच्या आवारात वीरगळ उभे आहेत. बहुतेकांवर अक्षर नाही. ज्याने युद्ध केले त्याचे नाव नाही आणि ज्याने ते युद्ध कोरले त्याचेही नाही. तेथे वाचायला विभक्ती मिळणार नाही, आणि ते नसणेही नोंदले पाहिजे. कारण ‘नाव लिहिले नाही’ आणि ‘नाव लिहायचे नव्हते’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. त्यांतील पहिले पुराव्यावर उभे आहे. दुसरे आपण लिहिले.

त्याच खोऱ्यातल्या धरणाची भिंत अजून पाणी अडवून आहे. तिच्याविषयीचे प्रचलित वाक्य उषवदाताच्या लेखनिकाने लिहिले असते तर त्याने ‘कारितं’ लिहिले असते. चावुंडराजाच्या लेखनिकाने ‘करवियलें’ लिहिले असते. ‘बांधले’ असे त्या दोघांपैकी कोणीही लिहिले नसते.